परदेशातली ओल

...नाही हो, दाखवते ना फोटो, पण आधीच सांगून ठेवते, त्यात मी नाहीये! हसताय काय? खरंच नाहीये! हा बघा राजवाडा. ही राजवाड्याची भिंत, ही भिंतीतली भेग, आणि इथे कोपऱ्यात अर्धा कान दिसतोय ना, तो माझा. डूल ओळखीचा वाटला म्हणून कळलं, नाहीतर मीही नसता ओळखला. लोक परदेशात जातात, हातात हात, मागे कारंजं, पुढे कबुतरं... आणि आमचे फोटो बघून वाटेल, नगरपालिकेनं धोकादायक इमारतींची पाहणी केली!

आता तुम्हाला माहीतच आहे, आमचे हे गळती काढतात. धंदाच तो. गच्चीतून पाणी झिरपतंय, बाथरूमची भिंत फुगलीय, बोलवा ह्यांना! इमारतीत कुणी नावानं हाक मारत नाही, 'गळतीकाका' म्हणतात. कुणाच्या लग्नाला गेले तर हात नवरदेवाच्या हातात आणि डोळे हॉलच्या छताला! अशा माणसाला लेकीनं तिकीट काढून दिलं कुठलं? तर जुन्या शहराचं! जिथे एक भिंत धड नाही! मला म्हणाली, "आई, आयुष्यभर दोघं कामातच बुडालात, आता जरा एकमेकांकडे बघा." मी म्हटलं, बघतील गं बाई, बघतील...

पहिल्याच दिवशी हॉटेलच्या खोलीत शिरलो. काय खिडकी होती म्हणून सांगू! खाली दगडी गल्ली, समोर घड्याळाचा मनोरा, लांबवर नदी. मी म्हटलं, "अहो, इकडे या ना!" हे कुठे? पलंगाखाली! नुसते पाय बाहेर. आतून आवाज, "अगं, टॉर्च दे, इथे पोपडे निघालेत." बाहेर सूर्य मावळतोय, पाण्यावर सगळं सोनं सांडलंय, पलंगाखाली आमचे हे... आणि मी? मी पर्स धरून उभी!

दुसऱ्या दिवशी राजवाडा. गाईडबाई इंग्रजीत बोलायची, पण इतकी गोड, की तिच्या तोंडून दुष्काळाची बातमीही गोड वाटावी. छत्री उंच धरून पुढे चालायची आणि म्हणायची, "या दालनात राणी रोज सकाळी उभी राहून नदीकडे पाहत असे..." मला अगदी भरून आलं हो. तर मागून हे, मोठ्यांदा, "उभीच राहणार! बसायला कोरडी जागा कुठे आहे?" सगळ्यांनी वळून कुणाकडे पाहिलं? माझ्याकडे! ह्यांच्याकडे कसे पाहतील, हे तर खाली वाकून फरशीला नाक लावून बसलेले!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते, पण मग आलं ते मोठं दालन. वर सगळं छत रंगवलेलं, ढग, घोडे, पंखवाली बाळं... माणसं माना वर करून बघत राहिलेली. मीसुद्धा. आणि एवढ्यात हे ओरडले हो! काय ओरडले, तर चक्क मराठीत, "बाहेर व्हा! भेग पडलीय! छत येतंय खाली!" आणि नुसतं ओरडले नाहीत, दोन्ही हात पसरून लोकांना गुरांसारखं दाराकडे हाकलायला लागले! भाषा कुणाला कळत नव्हती, पण आवाज कळला ना. एक आजीबाई काठी टाकून पळाल्या, काठीशिवाय! एका गृहस्थानं बायकोला मागे ठेवून दार गाठलं, आता त्यांच्या घरी काय झालं असेल देव जाणे. पहारेकरी धावत आले, शिट्ट्या काय, वॉकीटॉकी काय!

ह्यांनी वर बोट दाखवलं, तेव्हा गाईडबाई तशाच गोड आवाजात ह्यांना म्हणाली, "साहेब, ती भेग रंगवलेली आहे. चित्रकारानं मुद्दाम काढलीय. गंमत म्हणून."

मला वाटलं, आता हे माफी मागतील. निदान लाजतील. छे! मान वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "रंगवलेली असली तरी भेग ती भेगच. वेळीच बुजवायला हवी होती."

पहारेकऱ्यांनी आम्हाला दारापर्यंत पोचवलं. अगदी दोन्ही बाजूंनी, मानानं म्हणायचं. बाहेर जिन्यावर हे शांतपणे बुटाची नाडी बांधतायत, आणि मी? मी पर्स धरून उभी! आणि त्या राजवाड्याची बाग, संग्रहालय, राणीचे दागिने... सगळं आत!

तेव्हा मात्र मी बोलले. तिथेच, रस्त्यात. म्हटलं, "हे बघा, मला एक संध्याकाळ द्या. एकच. चांगल्या ठिकाणी जेवू. भिंतीकडे बघायचं नाही, छताकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं!" आवाज चढला होता माझा, डोळेही भरले होते, खोटं कशाला बोलू. हे दचकले. म्हणाले, "बरं गं. तू म्हणशील तसं." आणि संध्याकाळी खरंच कोट घातला, भांग पाडला, टॉर्च खोलीवर ठेवली. माझ्यासमोर ठेवली, हं! मी ती कपाटात कोंबली.

जेवायचं ठिकाण म्हणजे जुनं दगडी तळघर होतं. खाली उतरायचा अरुंद जिना, कमानी, टेबलावर मेणबत्ती, मंद मंद पियानो... मी निळी साडी नेसले होते. हे माझ्यासमोर बसले, आणि तुम्हाला सांगते, बघत होते! एकटक! वेटरनं सूप आणून ठेवलं तरी नजर हलेना. या वयात लाजले मी! पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला, आणि हळूच म्हटलं, "काय बघताय एवढं?"

हे पुढे झुकले. आवाज अगदी हळवा. म्हणाले, "तुझ्या डोक्याच्या बरोबर मागे..."

"काय?"

"ओल आहे."

मी काही बोलायच्या आत हे उठले, माझ्या डोक्यावरून हात लांब केला आणि भिंतीवर बोटानं ठोकलं. ठक, ठक. "पोकळ वाजतंय बघ!" ठक... आणि अख्खा गिलावा सुटून धाडकन माझ्या सुपात! सूप साडीवर, मेणबत्ती विझली, पियानो बंद, माझ्या भुवयांवर चुना! आतून मालक धावत आला. हा आडवा माणूस, हातात मोठा डाव. मी मनात म्हटलं, आता हा डाव ह्यांच्या डोक्यात बसणार, आणि देवाशप्पथ सांगते, अडवायची मला मुळीच इच्छा नव्हती!

पण तो थांबला. भिंतीकडे पाहिलं. डावाच्या दांड्यानं ठोकलं, ठक ठक. ह्यांनी शेजारी ठोकलं, ठक ठक. त्यानं मान हलवली, ह्यांनी मान हलवली. याला त्याचं कळेना, त्याला याचं कळेना, पण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, लहानपणी ताटातूट झालेले भाऊ भेटावेत तसे, ठोकत ठोकत मागच्या कोठारात गेले. एकानं मागे वळून पाहिलं? नाव नको! आणि मी? मी पर्स धरून उभी! तीही चुन्यानं भरलेली!

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. ओला रुमाल घेऊन माझं तोंड पुसलं, अगदी बहिणीसारखं. मग कोठाराकडे बोट दाखवून नवऱ्याची अशी नक्कल केली म्हणता! चमचा घेतला, शेजारच्या माणसाच्या ताटात बुडवला, चाखला, तोंड वाकडं केलं आणि "च्यक्" करून मीठ मागितलं. मला कळलं ना! तिचा नवरा जाईल तिथे दुसऱ्याच्या ताटातलं चाखत सुटतो! मीही दाखवलं, पलंगाखालचे पाय, फरशीला लावलेलं नाक, राजवाड्यातली धावपळ. ती हसून हसून खुर्चीवरच बसली. मग उठली, ॲप्रन सोडून खुंटीला अडकवला, माझा हात धरला आणि म्हणाली... काय म्हणाली कोण जाणे, पण अर्थ एकच होता, चल!

आम्ही पुलावर गेलो. नदी पाहिली. चौकात बसून आईस्क्रीम खाल्लं. ती तिच्या भाषेत बोलत होती, मी आपली मराठीत, आणि मधे मधे दोघी एकदम उसासा टाकायचो. तुम्हाला सांगते, ज्या संध्याकाळसाठी मी इतकी वर्षं वाट पाहिली, ती मला अखेर मिळाली. नवरा सोडून दुसऱ्याच माणसाबरोबर मिळाली, एवढंच!

परत आलो तर दोघं कोठारात पालथ्या खोक्यांवर बसलेले, नखशिखांत पांढरे, आणि माझं जेवण खातायत! ह्यांचा चेहरा असा उजळलेला, लग्नातसुद्धा नव्हता. म्हणाले, "अगं, कुठे गेली होतीस? गार होत होतं म्हणून आम्ही संपवलं. फार भला माणूस आहे गं! त्यानं खुणेनं आपल्याला पुन्हा बोलावलंय, त्याच्याच घरी राहायचं!"

मी म्हटलं, "कधी?"

"ऐन पावसात! तेव्हा पाणी कुठून येतं ते स्वच्छ दिसतं."

लेक खूश आहे, बाबांना प्रवासाची गोडी लागली म्हणे! जाणार हो, जाणार, नाही म्हणून सांगते कुणाला? रेनकोटसुद्धा घेऊन ठेवलेत दोन. एक मला, एक त्या मालकीणबाईंना. ह्यांना कशाला लागतोय, हे तर तळघरात असणार!