मी म्हणले, दुधाला वास हाय

माहेर माजं सांगवी, बारामतीच्या बाजूला, आन् सासर हितं बावड्याला, इंदापूर तालुक्यात. माहेरी चार म्हशी, सासरी सहा, म्हंजी जन्म दुधातच गेला म्हणा की. गावच्या डेअरीवर दूध घ्यायला मीच बसते, सकाळ-संध्याकाळ. मशीन फॅट सांगतंय, पण मशीनच्या आधी माजं नाक. किटलीतला थेंब तळव्यावर घ्यायचा, हुंगायचा, जिभेला लावायचा, झालं. मागल्या उन्हाळ्यात आमच्या चुलत सासऱ्यांची, तात्यांची, किटली मी परत पाठवली, म्हणले तात्या, दुधाला वास हाय. तात्या लई भडकलं, घरी जाऊन तापवलं तर फाटलं की! तवापास्नं काय सांगू तुम्हाला, सगळं गाव म्हणतंय, सुजाता म्हणली म्हंजी इषय संपला.

आन् ही पूनम, माजी धाकटी जाऊ. दीर जर्मनीला कंपनीत, ती बी तितंच. औंदा दिवाळीला दोघं आली आन् आत्या, म्हंजी माजी सासू, त्येंच्या तोंडात नुसतं पूनम, पूनम. पूनम दमली आसंल, पूनमला चुलीचा धूर लागंल. आन् मी? मी काय सात वर्सं फुलांचा वास घेतीया व्हय? तिनं मला पर्स आणली, ती बी चांगली निघाली, त्येचा बी राग आला मला!

त्या दिवशी मी पेढं केल्तं. घरच्या म्हशीचं दूध, आटवून आटवून हात भरून आला. आत्यांनी एक तोंडात टाकला, म्हणल्या, बरा झालाय. बरा! सात वर्सं बराच होतोय. तेवढ्यात पूनमनं बॅगंतनं चॉकलेट काढलं. साधं बगा, ना काजू ना बदाम, नुसतं दुधाचं. आत्यांना पुढचं दात न्हायत, त्येंनी तुकडा गालात धरला आन् डोळं मिटलं. मिटलं वं! म्हणल्या, अगं बाई, ह्ये तर साईवानी इरघळतंय.

मी बी एक तुकडा मोडून घेतला. मग मी खाल्लं. खरं सांगू? लई म्हंजी लईच भारी. खवा आटताना कढईच्या कडंला तांबूस धरतोय का, आई ल्हानपणी मला खरवडून द्यायची, तीच चव, आन् मऊ. मनात म्हणले, ह्येंनी ती कडंची चव सगळ्या वडीत आणली कशी? आन् तोंडानं काय म्हणले? म्हणले, दुधाला वास हाय.

झालं. आमच्या मालकांनी अंगणात जाऊन थुकलं. दीर म्हणलं, वैनी, महागातलं हाय वं. आत्या म्हणल्या, सुजाता म्हणली म्हंजी आसंल. पूनम रडकुंडीला आली, म्हणली, अक्का, दुकानात इतके प्रकार होते, मी मुद्दाम साधं दुधाचंच घेतलं, म्हटलं अक्कांना दुधातलं कळतं.

ती दोघं गेली परत. चॉकलेट राहिलं फ्रिजमधी, कुणी हात लावीना. मी मात्र डेअरीवरनं आले की गुपचूप एक तुकडा. पण मी एक खातीया आन् कमी होत्यात दोन! मुंग्या म्हणावं तर मुंग्या काय कागदाची घडी घालून ठेवत्यात व्हय? एक दिवस दुपारी लवकर आले, तर आत्या फ्रिजपुढं, गाल फुगल्याला. म्हणल्या, वास गेला का बगत हुते.

मला हसू आलं आन् लाज बी वाटली. म्हणले, आत्या, वास नव्हताच. मी जळले.

आत्या म्हणल्या, ठावं हाय मला. मी बी तुज्या पेढ्याला बराच म्हणतीया की.

 शेवटचा तुकडा हुता, आमी दोघींनी आर्धा-आर्धा खाल्ला.

काल पूनमला व्हिडिओ कॉल लावला, सगळं खरं सांगून टाकलं. तिनं डोळं पुसलं, मग म्हणली, अक्का, पुढच्या वेळी दोन आणते, आत्यांचं वेगळं. सुखी राहू दे पोरीला. पण खरं सांगू, अजून जळतंयच थोडं, ती तितं रोज खात आसंल! आन् येवढं लिवाच तुमी, डेअरीवर मी कुणाच्या दुधाला आजपातूर खोटा वास लावला न्हाय.