टिनावरच्या गोधड्या

अध्यक्षस्थानी बसलेल्या आपल्या सरपंच बेबीताई, खुर्च्याईवरचे सारे पाहुणे, जिच्या निरोपासाठी आपण जमलो त्या पुष्पांजली मॅडम, अन् समोरच्या माह्या गावच्या माय-बापहो, सगळ्याईले माहा नमस्कार. मी दीपमाला. जानेफळहून आणलेला हा माइक म्या पह्यल्यांदाच हाती धरला. कडेवर माही अन्नपूर्णा हाये, रडली त थोडं चालवून घ्या.

मॅडम आपल्या पांढरीचा, म्हंजे टेकाडाखाली दबलेल्या जुन्या गावाचा, नकाशा कराले आल्या. ड्रोन उडाला, सारे नाचले. मी भेली. काऊन? माहं घर टेकाडाले लागून. सासूबाई मंजुळाबाई म्हणे, "नकाशात आलं का सरकार खोदाले घेते, घर गेलंच समज व!" तान्ही पोर घेऊन मी कुठी जाऊ? मंग आम्ही दोघीनं छपराच्या टिनावर घरातल्या साऱ्या गोधड्या टाकल्या. ड्रोनले घर दिसूच द्याचं नाही!

दुसऱ्या दिवशी मॅडम फोटो घेऊन दारात. "आजी, साऱ्या गावात हेच आधी डोळ्यात भरलं. हे लाल-पिवळं काय आहे?"

"ढेकूण झाले, बाई. ऊन दाखवून राह्यलो."

"आणि वर दगड?"

"ढेकूण उडून जातीन ना!"

हसता काय, शंकरराव? तुमच्या घरावर ताडपत्री होती, म्या पाह्यली.

मॅडम हसल्या, मी रडली. सारं सांगून टाकलं. त्याईनं मले जवळ बसवलं, फोटोवर बोट ठेवलं. हरभऱ्यात फिक्कट रेघ. खाली दगडाची भिंत असली का वरचं पीक खुरटते, म्हणे. अन् रेघ सरळ माह्या घराकडं! म्हंजे भिंत माह्या घराखालीच का काय, बाप्पा! मंग त्याईनं जमिनीतलं पाह्याचं यंत्र आणलं, बाबागाडीसारखं, अन् आंगणात हळूहळू ढकललं. मी पोरीले छातीशी धरून उभी. भिंत न्हाणीच्या अलीकडंच वळली! घराखाली नुसती माती.

मॅडम म्हणे, "जुनं गाव तुमच्या दारापर्यंत आलं आणि वळून गेलं."

सासूबाई म्हणे, "अन् च्या न घेताच गेलं?"

मॅडम, तुमचे, बेबीताईचे, सगळ्याईचे लय आभार. शिकेल लोकाईसारखं मले बोलता येत नाही. कमी-जास्त बोलली असंल त गावची लेक समजून पोटात घाला.

अन् एक राह्यलंच. मॅडम, पुन्हा ड्रोन घेऊन या. टिनावर गोधडी दिसंलच, ह्या अन्नपूर्णानं ओली केलेली. वाळाले टाकेल असंल. लपवाले नाही.