डोरीनबाईंना सांगायचं एक वाक्य

...आणि दिवस कुठला मिळावा, तर गुरुवार! तुम्हाला सांगतो, गुरुवारी आमच्या दुबईतल्या देऱ्याच्या ऑफिसात अर्धाच दिवस. एक वाजता खलास. मी फायली आवरून, शारजाच्या रस्त्याला आज किती वेळ लटकावं लागणार असा विचार करत बसलेलो, तेवढ्यात रिसेप्शनवरच्या जैनबनं फोन जोडून दिला. साताऱ्याहून मेव्हणा, धनंजय. म्हणाला, ‘भावोजी, बसलाय का?’ मी म्हटलं, ‘बसलोच आहे, त्याचाच पगार मिळतो.’ तो हसला नाही. माझी बायको, स्मिता, जूनच्या सुट्टीला माहेरी गेलेली. जेवणाआधी जरा पडते म्हणाली होती, ती उठलीच नाही... असो. सत्त्याण्णव साल ते.

पण मी सांगत होतो ते चर्चचं. मला चर्च बघायचंच नव्हतं हो.

त्याचं असं झालं, शारजाला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सात वर्षं डोरीनबाई राहायच्या. नवरा बंदरावर इंजिनीअर. स्मिताचं आणि त्यांचं असं गूळपीठ, की दोन्ही दारं दिवसभर उघडी आणि एसी दोन्हीकडचे फुकट. पुढे ते दोघं इंग्लंडला परतले, नवरा तिकडे वारला, पण बाईंची आणि हिची पत्रं चालूच. आता हिचं मी त्यांना कळवायला नको? बसलो लिहायला. वीस वर्षं ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहितोय, म्हटलं त्यात काय! ‘आपणांस कळविण्यास खेद होतो की...’ वाचून पाहिलं, तर कुणाचं तरी टेंडर नाकारल्यासारखं. फाडलं. वर्षभर त्यांच्या पत्रांना उत्तर तसंच राहिलं.

वर्षभरानं कंपनीनं ट्रेनिंगला इंग्लंडला धाडलं. म्हटलं, समोर बसून सांगू. एकच तर वाक्य. मुलगा, तनिष, म्हणतो, ‘जस्ट कॉल हर, बाबा.’ अरे, मला फोनवरच सांगितलं होतं ना? म्हणून तर.

शनिवारी दोन बसगाड्या बदलून त्यांच्या गावी पोचलो. बाजाराचा दिवस. चौकात कोबी, चीज, स्वेटर, सगळं ताडपत्रीखाली मांडलेलं, आणि मधोमध ते दगडी चर्च. दारात डोरीनबाई. शनिवारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना चर्च दाखवायचं काम त्यांच्याकडे. मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, आधी आत चल, मग बोल. अहो, मला चर्च बघायचंच नव्हतं!

आणि मी काय करावं? दारात बूट काढले. देवाचं दार म्हटलं की हात आपोआप बुटाच्या नाडीकडे जातो. आतली फरशी म्हणजे बर्फाची लादी, त्यात डाव्या मोज्याला भोक. फुलं लावणारा एक म्हातारा थबकून बघतच राहिला. बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई भिंतीला हात धरून वाकली आणि स्वतःचे बूट काढले. स्मिताच्या दारात काढायच्या ना, अगदी तसेच.

आता मोज्यांवर दोघं! हा खांब म्हणे तेराव्या शतकातला. मी म्हटलं, ‘बाई, स्मिता...’ तर म्हणे हो हो, तिला आवडेलच. हे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, सातशे वर्षं गावातल्या पोरांच्या डोक्यावर यातलंच पाणी. मी म्हटलं, एक सांगायचं होतं. तर म्हणे इन्शाल्ला, चहाच्या वेळी. चर्चमध्ये, इन्शाल्ला! वर आठ घंटा, त्यांचे दोर, दोर ओढणाऱ्यांची नावं, त्यांच्या बापांची नावं... मला चर्च बघायचंच नव्हतं हो, मला एक वाक्य बोलायचं होतं.

मग बाकांपाशी नेलं. प्रत्येक जागेवर गुडघे टेकायला एक उशी. गावातल्या बायकांनी सुईदोऱ्यानं भरलेल्या. कुणी मेंढी भरलेली, कुणी होडी. बाईंनी एक उशी उचलून माझ्या हातात दिली. आठ पाकळ्यांचं कमळ. शारजाच्या जिन्यात स्मिता रोज रांगोळी काढायची, वॉचमन रोज पुसायचा, ही परत काढायची... तेच. ठिपक्याला ठिपका. दोन हिवाळे भरत होत्या. म्हणाल्या, पत्रात मुद्दामच लिहिलं नाही, तिला इथं आणून दाखवायची आहे.

आणि मग विचारलं, ‘कशी आहे ती?’

तुम्हाला सांगतो, फुलंवाला म्हाताराही निघून गेला होता. रिकामं चर्च. वाक्य तयार होतं, दुबईपासून पाठ करत आलो होतो. मी म्हटलं, ‘बरी आहे. गुडघे दुखतात जरा.’

बाई म्हणाल्या, ‘मग उशीत अजून थोडी लोकर भरते.’

संध्याकाळी मला बसपर्यंत सोडायला आल्या. काचेतून हात हलवला. आता तुम्ही मला काहीही विचारा. तेराव्या शतकातला खांब कुठला, सांगतो. मोठ्या घंटेचं वजन किती, सांगतो. दोर ओढणाऱ्याच्या बापाचं नावसुद्धा सांगतो.

बाईंना तेवढं सांगायचं राहिलं.