एक अंगठा

(चित्रसंग्रहालयाची दुरुस्ती-खोली. दुपार. संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन आहे. टेबलावर एका अमेरिकन चित्रकाराने रंगवलेलं धोबिणीचं जुनं तैलचित्र; बाजूला चौकटी बसवणारे काका.)

संचालक : हा अंगठा असा का दिसतोय?

भिंगताई : खरा आहे म्हणून, सर.

संचालक : काल गुलाबी होता.

भिंगताई : काल त्याच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी रंग होता.

संचालक : तुम्हाला फक्त पिवळं पडलेलं व्हार्निश काढायला सांगितलं होतं.

भिंगताई : तेच काढत होते. अंगठ्यापाशी कापसाचा बोळा गुलाबी झाला. जुना तैलरंग एवढ्या सौम्य द्रावणाने हलत नाही, सर. जो हलला तो नंतरचा.

संचालक : मग तिथेच थांबायचं. मला बोलवायचं.

भिंगताई : थांबायला हवं होतं. नाही थांबले.

काका : मी म्हटलं होतं हिला, साहेब. पोरी, आधी विचार. तर म्हणते कशी, काका, थोडंच राहिलंय.

संचालक : काका, तुम्ही चौकट बघा.

काका : चौकटच बघतोय. कान तेवढे रिकामे आहेत.

संचालक : आणि नंतरचा म्हणजे काय? त्यानेच पुन्हा हात फिरवला असेल. चित्रकार फिरवतात.

भिंगताई : या भिंगातून बघा. जुन्या चित्राला भेगा पडतात ना? गुलाबी रंग त्या भेगांमध्ये उतरलाय. म्हणजे भेगा आधी, गुलाबी नंतर. अशा भेगा पडेपर्यंत तो अमेरिकन बुवा कधीच वर गेला होता.

संचालक : तुमचं हे भिंग! उगाच नाही सगळे तुम्हाला भिंगताई म्हणत. गावभर पोस्टरं लागलीत, त्यांवर हेच हात आहेत. गुलाबी. मऊ. आणि आजचे प्रायोजक काय विकतात, ठाऊक आहे?

भिंगताई : नाही.

काका : हातांना लावायचं क्रीम.

भिंगताई : अरे देवा.

संचालक : हसू नका! उद्घाटनाच्या आत हा अंगठा पूर्वीसारखा करा. तुमचंच शास्त्र सांगतं ना, पुन्हा काढता येईल असाच रंग लावायचा? लावा. प्रदर्शन संपलं की काढा. कोणाचं काय बिघडलं?

भिंगताई : रंग उडाला असेल तिथे लावतात, सर. इथे काहीच उडालेलं नाही. खड्डा बुजवायला सांगितलात तर बुजवेन. माणूस नाही बुजवणार.

संचालक : मोठमोठे शब्द नकोत.

भिंगताई : बरं, लहान सांगते. पुन्हा डोळा लावा. नखाजवळ काय दिसतं?

संचालक : लाल. जांभळट. आणि... हिरवा आहे का हा?

भिंगताई : हिरवाच. सुजलेल्या कातडीच्या सावलीत असतो तसा. पेराजवळ चीर पडलीय, ती काळ्या रेघेने नाही काढली. दोन रंगांच्या मध्ये जागा सोडलीय फक्त. आता चिरेच्या वरचा पांढरा ठिपका बघा.

संचालक : चमक आहे.

भिंगताई : पाणी आहे. हात अजून ओले आहेत तिचे. आत्ता धुण्याचे पिळे टाकून खुर्चीत बसलीय. तिच्या मांडीवरचा तो काळपट डाग, ज्याला तुम्ही माहितीपत्रकात ‘सावलीचा फसलेला प्रयोग’ म्हटलंय, तो ओला झगा आहे.

काका : फसला कोण मग?

संचालक : काका!

भिंगताई : त्याने तिची कीव केली नाही, सर. तिला देवीही केलं नाही. चेहऱ्याला दिलं तेवढंच लक्ष अंगठ्याला दिलं. मग कोणीतरी शहाणा आला आणि त्याला वाटलं, बिचारीचे हात जरा बरे करू.

संचालक : तो शहाणा मला कळतो. माझी आई लोकांची धुणी धुवायची. असे हात मी घरी रोज बघत होतो. शाळा सुटली की इथे यायचो, ते तसे नसलेले हात बघायला.

भिंगताई : मला माहीत नव्हतं.

संचालक : कसं असेल?

भिंगताई : पण आईंना कधी आणलं असतंत, तर त्या म्हणाल्या असत्या, ही बाई धुणं धुतच नाही.

संचालक : आणलं होतं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘काय नशीबवान बाई आहे!’ आणि हात पदराखाली घेतले.

काका : ...पाणी देऊ का, साहेब?

संचालक : नको.

भिंगताई : सर, त्याने रंगवलं होतं तसं चित्र त्या दिवशी इथे असतं, तर त्यांनी हात झाकले नसते.

संचालक : ते तुम्ही कशावरून सांगता?

भिंगताई : खात्रीने नाही सांगू शकत. पण त्यांना खरा हात बघायलाच मिळाला नाही, म्हणूनच पुन्हा रंग लावणार नाही.

संचालक : मग मी दुसऱ्या कोणाकडून करून घेतो.

भिंगताई : घ्या. तो येईल, बघेल, रंग जुळवेल, तोवर पाहुणे दारात. भिंत रिकामी ठेवायची असेल तर ठेवा.

संचालक : रिकामी? पोस्टरवरचंच चित्र? आणि लावावं तर नऊ बोटं गुलाबी नि एक अंगठा लाल! लोक हसतील.

भिंगताई : हसू देत. विचारतीलही. मी शेजारी उभी राहीन. जो विचारेल त्याला सांगेन. क्रीमवाल्यांना आधी.

संचालक : उद्या सकाळी तुमच्या हातात पत्र पडेल. न विचारता चित्राला हात लावला, हे कारण पुरेसं आहे. आणि ते खरंही आहे.

भिंगताई : खरं आहे. उद्या घेईन ते. आज मी इथे नोकरीला आहे ना?

संचालक : काका, चौकट चढवा. मी पाहुण्यांचं बघतो.

काका : चढवतो, साहेब. ...गेले. पोरी, जरा नमतं घ्यायचंस.

भिंगताई : घेतलं असतं, काका. प्रश्न फक्त माझा असता तर. कोणत्या बाजूला उभी राहू?

काका : डावीकडे. दिवा उजवीकडून आहे, तिकडे उभी राहिलीस तर अंगठ्यावर तुझी सावली पडायची.