पुण्याच्या तिकिटाचे पैसे

विमानाच्या तिकिटाचं सांगतो, पण हसू नका गा. माहा धाकटा भाऊ बबन पुण्याले राहाते. त्याच्या पोरीच्या लग्नाले त्यानंच मले तिकीट काढून पाठवलं. मग मोबाइलवर लग्नाचं कार्ड आलं. मी मोठा भाऊ, अन् माहं नाव त्याच्या साळ्याच्या खाली छापलं. डोकंच फिरलं. म्हटलं, जात नाही.

निघायच्या दिवशी नंदनवनातल्या घरून ऑटो करून विमानतळावर गेलो, ते पैसे वापस मागाले. बबनचे पैसे बबनच्या तोंडावर फेकाचे होते.

खिडकीवरची पोरगी म्हणे, "बाबा, या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. घरात कोणी वारलं असेल तरच."

"वारलं ना. भाऊ मेला माहा."

पोरगी बिचारी उठली. मले खुर्ची देल्ली, पाणी देल्लं, अन् मग मयतीचा दाखला मागतला. दाखल्यावरून मी दीड-दोन तास हुज्जत घातली. तेवढ्यात विमान गेलंही अन् पुण्याले उतरलंही.

फोन वाजला. मले कमी ऐकू येते, म्हणून स्पीकर चालूच राहाते.

"दादा, बबन बोलतो. घ्याले आलो, सारे लोक बाहेर आले, तूच दिसून नाही राहिला. कुठं आहेस गा?"

पोरीनं माह्याकडे पाहिलं. "बाबा, हेच वारले का?"

मी फोन बंद केला.

पैसे भेटले नाही. लग्नात बबननं समोरची एक खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली म्हणे. कोणाले बसू देल्लं नाही. साळ्यालेही नाही.