पहिल्या पायलीले एक म्हणत नाही

...अन् तुमी हासून काय राहिले जी? तुमच्यावर पाळी आली असती ना, तर समजलं असतं! हा मुन्नालाल, गावात कोणाचीबी धानाची रास असो, मोजाले पायली ज्याच्या हातात देतात तो मुन्नालाल, तिरोड्याच्या त्या कॉन्वेंटात लेकरांच्या खुर्चीवर बसलेला, गुडघे कानाले लागलेले, अन् समोर मॅडम, अन् बाजूले सून... तोंड कुठं लपवू, सांगा!

सुनेचा काही दोष नाही. रविता चांगली पोरगी आहे, एक शब्द नाही बोलणार तिच्याबद्दल. दिवाळीपासून तिचा तोच घोर, ‘मामाजी, योगेश्वरीले कॉन्वेंटात टाकायचं आहे, तिथं गिनती विचारतात, नाही आली तर जागा नाही देत, तुमी तिले खळ्यावर नेताच, तर बोलता बोलता शिकवा ना.’ मी म्हटलं, बस, एवढंच? अरे, मोजाचं काम कोणाले सांगून राहिली तू!

तर तुमाले सांगतो, नात माझी तीन वर्षांचीबी नाही, बसवली राशीजवळ. मी पहिली पायली भरली, हातानं सपाट केली, अन् ती जोरात बोंबलली, ‘एक!’ माझा जीवच उडाला! पहिल्या पायलीले कोणी एक म्हणते का? एक म्हटलं का एकावरच अटकलं, बरकत गेली, लक्ष्मी खळ्यावरूनच वापस! तिथं लाभ म्हणा लागते. लाभ, मंग दोन, मंग तीन. तर मी खेकसलो ना तिच्यावर, ‘एक म्हणते? घरातली लक्ष्मी घालवते का?’ रडली बिचारी. मंग गूळ दिला, मांडीवर घेतली, अन् अशी पक्की शिकवली, अशी पक्की शिकवली का झोपेतबी लाभच निघन!

अन् मंग काय! साऱ्या गावात मिरवलं मी तिले. नंदलालच्या पानठेल्यावर उभी केली, बोल बाई! ‘लाभ गा लाभ, दोन गा दोन, तीन गा तीन...’ वीसपर्यंत, एका दमात! टाळ्या कोणी वाजवल्या? तुमीच वाजवल्या ना? एकानं तरी टोकलं का, का मुन्नालाल, शाळेत हे चालन का? रविता सौंदडची, तिच्या माहेरीबी धानच, तिच्याबी कानाले खटकलं नाही! मंग आता मलेच कायले हासता?

तर गेलो. रविताने पोरीले नवा फ्राक शिवला, मीबी धुतलेलं धोतर घातलं. मॅडम हिंदीवाली, गोड बोलणारी. टेबलावर लाकडाचे रंगीत ठोकळे मांडले, ‘बेटा, गिनो तो, हिंदी में, मराठी में, जैसे आता है।’ पोरगीनं काय करावं? मॅडमचा पेनाचा डबा उचलला, पेनं खाली ओतली, डब्यात ठोकळे भरले, वरून हात फिरवून सपाट केले, अन् रविताच्या पदरात रिकामे करून, ‘लाभ!’

मॅडम म्हणे, ‘लाभ? ये क्या होता है?’

मी म्हटलं, काही नाही जी, लेकरू आहे, घाबरलं. बाई, एक म्हण. तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला, ‘आबाजी! एक नाही म्हणत!’ मॅडम वाकली, ‘बेटा, बोलो एक।’ अन् आमची एवढीशी पोट्टी, बोट नाचवून त्या मॅडमले म्हणते, ‘एक म्हणते? घरातली लक्ष्मी घालवते का?’

माझाच आवाज! माझंच खेकसणं, जसंच्या तसं! तोंड कुठं लपवू, सांगा!

मॅडम तरीबी शांत. म्हणे, ‘दादाजी, आप गिनिए, बच्ची आपके पीछे बोलेगी।’ मी म्हटलं, हे ठीक आहे. ठोकळा उचलला. मनात घोकून राहिलो, एक, एक, एक... साधी गोष्ट आहे मुन्नालाल, एक म्हण, ही काही रास नाही, हे लाकूड आहे... अन् तोंड उघडलं, तर निघालं काय?

लाभ!

हासा, हासा. पण मी रविताकडे पाह्यलं जी. पदरात ठोकळे धरून बसली होती, मान खाली, डोळे भरलेले. किती महिन्यांपासून त्या पोरीच्या शाळेचं घेऊन बसली होती ती, अन् भरोसा कोणावर ठेवला? खरं सांगतो, तेव्हा मले स्वतःचीच लाज वाटली. खेकसलो नसतो त्या दिवशी, तर लेकरानं सिधं एक म्हणलं असतं.

मॅडमनं रविताले बाजूले नेलं. हळू बोलून राहिली, पण माझे कान अजून शाबूत आहेत. ‘बच्ची तो बहुत होशियार है, हम ले लेंगे। बस, घर पर गिनती दादाजी न सिखाएँ।’ रविता म्हणे, ‘जी मॅडम.’ तिनं डोळे पुसले अन् हासली. मीबी तिथूनच ओरडलो, चालते जी, नाही शिकवत, कान पकडले!

आता जूनपासून रोज सायकलवर मीच नेऊन देतो तिले. आत यायची मनाई नाही केली हो शाळावाल्याईनं. फक्त बोलायची केली आहे.