दहापैकी सात

हलू नका बाई, टाचणी लागेल – हात असाच वर धरा. बाही अर्धा इंच आत घेते, मग कोट कसा अंगासरसा बसेल. तुम्ही शाळेत शिकवता ना? मला वाटलंच – खांद्यावर खडू दिसला. इंग्रजी, होय? माझी मुलगीही शिकायची. रोज दहा वाक्प्रचार. मी चौथीतून शाळा सोडलेली, मला काय कळणार? पण मी मशीन चालवायची आणि ती तिथं, त्या कपाटाला टेकून म्हणायची – 'पीस ऑफ केक म्हणजे अगदी सोपं काम', 'वन्स इन अ ब्लू मून म्हणजे क्वचित कधीतरी'. कुत्रं चुकीच्या झाडाकडे बघून भुंकतं असा एक होता – त्यावर तर पोट धरून हसायची. म्हणायची, आई, यांना सरळ बोलायला काय होतं गं!

अडखळली की मी मशीन थांबवायची. मशीन थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. दहा झाले की झोपायचं – असा आमचा नेमच होता. कडक होते मी? असेन. माझ्यासारखं तिला दिवसभर मान मोडून शिवत बसायला लागू नये, एवढंच होतं मनात – नाही, तेवढंच नव्हतं, शेजारणीच्या मुलीपेक्षा पुढं जावी असंही होतं. खोटं कशाला बोलू!

त्या संध्याकाळी सात धडाधड म्हणाली. आठव्याला – 'बीट अराउंड द...' – आणि गप्प. मी मशीन थांबवलं. म्हणाली, आई, डोकं फार दुखतंय. मी म्हटलं, पाठ नसलं की तुझं डोकं बरं दुखतं! चल, पहिल्यापासून. म्हणाली हो बिचारी. चार वेळा म्हणाली. पाचव्यांदा कपाटाला टेकल्या टेकल्या घसरत खाली बसली – अंग भट्टीसारखं तापलेलं. मेंदूत ताप गेला म्हणाले डॉक्टर. तीन दिवस शुद्ध नव्हती, पण ओठ हलत होते – मी कान लावला, तर पीस ऑफ केक... सात म्हणायची, 'बीट अराउंड द' म्हणायची, परत पहिल्यापासून. मी सांगत होते, पुरे गं राणी, झोप आता – पण तिला माझं ऐकू कुठं जात होतं?

चौथ्या दिवशी ओठही थांबले. त्याला अकरा वर्षं झाली. अजून म्हणते. तुम्हाला नाही ऐकू येणार, मला येतं – मशीन थांबलं की त्या कपाटापासून. म्हणून मी दोरा नसतानाही पाय चालवत असते. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत. पण किती दिवस उभी ठेवू तिला? आज तुम्ही आलात, म्हटलं विचारावं – त्या 'द'च्या पुढं काय असतं हो? एक शब्द कळला की मीच सांगेन तिला. मग नऊ, मग दहा, मग ती –

थांबा! नका बोलू. तोंड मिटा आधी.

दहा झाले तर जाईल हो ती.

नको. काढा तो कोट – हळू, टाचण्या आहेत. गुरुवारी या, तयार असेल. आणि दार ओढून घ्या जाताना.